हवेची वाट

दिवाकर उरकुडे यांनी एकतीस वर्षं जमिनीखाली नोकरी केली, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचं काम एकच होतं, हवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत ते व्हेंटिलेशनचे ओव्हरमन होते. कोळसा काढायला दुसरे लोक होते. त्या लोकांच्या नाकापर्यंत ताजी हवा पोचतेय की नाही आणि वापरलेली हवा बाहेर पडतेय की नाही, हे उरकुडे पाहायचे. निवृत्त झाल्यावर मात्र हवेचा विचार त्यांनी सोडून दिला होता. तो त्यांना पुन्हा करावा लागला २०४१ सालच्या मे महिन्यात, बायकोसाठी.

त्यांची बायको नलिनी. कन्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. आदल्या वर्षीच्या जुलैत मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली आणि डोळ्यांखालचं सगळं शरीर निकामी झालं. ऐकू येत होतं, दिसत होतं, समजत होतं, पण हात-पाय, जीभ, घसा काही हलेना. पापण्या मिटता येत. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. पहिले चार महिने नवराबायकोचा संसार तेवढ्या दोन शब्दांवर चालला.

नोव्हेंबरात त्यांना बोलपेटी मिळाली.

बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. नलिनीताईंचा मेंदू हे हुकूम पूर्वीसारखेच सोडत होता, ते खाली नेणारा रस्ता तेवढा तुटला होता. कवटीच्या आत बसवलेली नखाएवढी चकती हे हुकूम टिपायची आणि घरातल्या संगणकाकडे पाठवायची. संगणक त्यावरून शब्द ओळखायचा आणि नलिनीताईंच्याच आवाजात बोलून दाखवायचा. हा आवाज शाळेतल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेला होता. प्रत्येक माणसाच्या मेंदूचं हस्ताक्षर निराळं असतं, म्हणून ही पेटी ज्याची त्याच्यापाशी राहूनच शिकायची. मनातलं घराबाहेर जाऊ नये असा कायदा होता, त्यामुळे सगळी आकडेमोड घरातच व्हायची. दिसायला ती डेस्कटॉपच्या साध्या काळ्या पेटीसारखी, पण आत इतकं काम चालायचं की इस्त्रीएवढी वीज खायची आणि इस्त्रीएवढीच तापायची.

डिसेंबरात नलिनीताई जवळजवळ पूर्वीसारख्या बोलू लागल्या. शब्द मनात आल्यापासून पाव सेकंदात बाहेर पडे. मुलगी केतकी पुण्याहून आली होती. तिने आईचा आवाज ऐकला आणि उशीत तोंड खुपसून रडली. नलिनीताई म्हणाल्या, "अगं, उशीचा अभ्रा धुवायला टाकायचाय."

मग उन्हाळा आला.

*

चंद्रपूरचा उन्हाळा आता फेब्रुवारीतच सुरू होई आणि मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसच्या पुढे जाई. विजेच्या टंचाईमुळे बारा ते पाच घरगुती एसी बंद ठेवायचा नियम होता. त्यात कोळशाची बारीक धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येई. पेटीत धूळ जाऊ नये आणि तिची घरघर नलिनीला त्रास देऊ नये, म्हणून दिवाकररावांनी ती भिंतीतल्या शोकेसच्या खालच्या कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं. पेटी गरम होते अशी तक्रार केल्यावर मार्चमध्ये कंपनीचा एक माणूस आला आणि पेटीच्या डोक्यावर आणखी दोन पंखे बसवून गेला. दिवाकररावांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. ती दवाखान्यातली वस्तू होती. सलाइनची बाटली जशी कुणी उघडून पाहत नाही, तसंच हे.

नलिनी मात्र बदलत चालली होती. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

"दूध घेशील?" असं विचारलं की उत्तर नाही. मिनिटभराने कूस बदलताना "दुखतंय का?" असं विचारलं की "हो, थोडं घेते." पापण्या एक सांगायच्या आणि आवाज दुसरंच, म्हणून हळूहळू घरात पापण्यांकडे बघणंच सुटलं. मधूनच ती "उशीर" म्हणायची. "उशीर होतोय, अहो, उशीर होतोय." कशाला उशीर, कुठे उशीर? दिवाकरराव तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचे, "कुठंच जायचं नाही आपल्याला. शांत हो."

एप्रिलमध्ये त्यांनाच चक्कर आली आणि ते न्हाणीघरात पडले. केतकी धावत आली. तिने आईची समज तपासून घ्यायचं ठरवलं. सोळा एप्रिलला दुपारी तीन वाजता नागपूरच्या डॉ. हस्तकांनी व्हिडिओवरून तीस प्रश्न विचारले. आज वार कोणता, ही वस्तू काय, शंभरातून सात वजा करा, त्यातून आणखी सात. पेन दाखवलं तेव्हा नलिनीताई गप्प होत्या. वजाबाकी सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "मंगळवार." तीसपैकी सहा गुण.

"झटक्यानंतर काहींच्या बाबतीत असं होतं," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "शब्द आहेत, पण त्यांचा प्रश्नाशी संबंध राहिलेला नाही. पुढे वाढत जाईल."

गणिताच्या बाईंना शंभरातून सात वजा करता आले नाहीत. दिवाकरराव त्या दिवशी जेवले नाहीत.

केतकीने पुण्याजवळ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं एक निवासगृह पाहिलं. चांगलं होतं, स्वच्छ होतं, तिच्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथे बाबांनाही जवळच खोली मिळणार होती. एकच अट होती. अर्थ नसलेल्या बोलण्याचा इतरांना त्रास होतो, म्हणून अशा रुग्णांच्या बोलपेट्या तिथे बंद ठेवत.

तिने आईला विचारलं, अगदी समोर बसून, हात हातात घेऊन. "आई, आपण पुण्याला जाऊ. तिथे तुला बघायला माणसं आहेत. चालेल ना?"

आई गप्प. केतकीने डोळे पुसले. बाबांना चहा ठेवायला सांगितला. मग पुन्हा आईजवळ वाकून म्हणाली, "तुला माझा राग नाही ना आला?"

"नाही," आवाज आला. "नाही. मुळीच नाही."

केतकीने आईचा हात गालाला लावला. "राग नाही म्हणाली, बाबा," ती म्हणाली.

एक जूनची तारीख ठरली.

*

वीस मेला सकाळी पेटी बंद पडली. दिवा लागेना, आवाज येईना. केतकी पुण्याला परत गेली होती. दिवाकररावांनी कंपनीला फोन केला, माणूस तीन आठवड्यांनी येईल असं कळलं. तीन आठवड्यांनी पेटीची गरजच उरणार नव्हती. पण त्यांना राहवेना. शेजारच्या वहिनींना नलिनीजवळ बसवून, पेटी चादरीत गुंडाळून ते ई-रिक्षाने गोल बाजारात नसीम पठाणच्या दुकानात गेले.

नसीम चाळिशीची. गेली पंधरा वर्षं एकटीने दुकान चालवत होती. गल्लीतले लोक मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं तिच्याकडे आणत. तिने पेटीची बाजू उघडली आणि काळी धूळ लगद्यासारखी टेबलावर पडली.

"बाप्पा! काका, ही कुठे ठेवली होती?"

"कपाटात. धूळ लागू नये म्हणून."

नसीमने ब्लोअरने धूळ उडवली, वीज घेणाऱ्या भागातली एक जळालेली जोडणी बदलली, पेटी पडद्याला जोडली. दिवा लागला. तिने आकडे पाहिले आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हिला बिघाड नाहीच म्हणा ना. ही तापते. तापली की जळू नये म्हणून स्वतःच कामाचा वेग कमी करते. सगळ्याच संगणकांना तशी सवय लावलेली असते. आता बंद पडली ते बरंच झालं. नाहीतर रडतखडत चालत राहिली असती."

"वेग कमी म्हणजे?"

"म्हणजे बाई बोलल्या तरी पेटीतून निघायला वेळ लागणार. आणि त्या बोलत राहिल्या तर आधीचे शब्द रांगेत, पुढचे त्यांच्या मागे." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, नोंदी आहेत. पहिल्या रकान्यात बाईंच्या मनात शब्द आला ती वेळ. दुसऱ्यात पेटीने तो बोलून दाखवला ती वेळ. डिसेंबरात दोन्ही वेळा सारख्याच. मार्चमध्ये सात सेकंदांचा फरक. एप्रिलमध्ये दुपारचा..." ती थांबली. "चव्वेचाळीस सेकंद."

दिवाकररावांनी खिशातून मोबाइल काढला.

"काका, उरकुडे बाईंनी मला नववीला भूमिती शिकवली," नसीम म्हणाली. "लोक म्हणत होते त्यांना काही आठवत नाही. मला पटत नव्हतं. पण मी कोण सांगणार?"

"सोळा एप्रिल काढ," दिवाकरराव म्हणाले. "दुपारी तीन."

चाचणीचा कागद त्यांच्या मोबाइलमध्ये होता, प्रत्येक प्रश्नाच्या वेळेसकट. त्यांनी तो दुसऱ्या रकान्याशी नव्हे, पहिल्याशी लावून पाहिला. तीन वाजून दोन मिनिटं पाच सेकंद: आज वार कोणता? तीन वाजून दोन मिनिटं सात सेकंद: मंगळवार. ही वस्तू काय? पेन. शंभरातून सात गेले? त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. एकही चूक नाही. मधेच: "डॉक्टर, आवाज मागे राहतोय. थोडं थांबाल का?" आणि पुन्हा: "थांबाल का?" ते ऐकू आलं तेव्हा डॉक्टर भलत्याच प्रश्नावर होते, आणि चाचणीच्या कागदावर त्यापुढे "असंबद्ध" असं लिहिलेलं होतं. मग शेवटपर्यंत फक्त उत्तरं, सरळ, एकामागून एक. तीसपैकी एकोणतीस. तिसावा प्रश्न राज्यातल्या मंत्र्याच्या नावाचा होता. त्यावर त्यांनी म्हटलं होतं, "ते गेल्या आठवड्यात बदलले, नवे कोण ते मला कुणी वाचून दाखवलं नाही."

मग दिवाकररावांनी केतकीचा दिवस शोधला. आपण पुण्याला जाऊ, चालेल ना? पहिल्या रकान्यात, दोन सेकंदांच्या आत: नाही. नाही. मुळीच नाही.

नसीमने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

नोंदी पुष्कळ होत्या. "उशीर होतोय" हे शब्द नुसत्या एप्रिलमध्ये एकशे बारा वेळा. आणि त्यांच्यामध्ये दुसरी वाक्यं होती, त्यांना कधी ऐकू न आलेली. सकाळी ते तिचं तोंड पुसायचे, केस विंचरायचे आणि भांडी घेऊन स्वयंपाकघरात जायचे. मागून पेटीची कुजबुज ऐकू यायची. पेटी पुन्हा बरळतेय असं ते समजायचे.

"बरं वाटलं."

"तुमचा हात भाजलाय का? दाखवा."

"आज पातळभाजी छान झाली होती. चिंच जास्त पडली, पण छान झाली."

"अहो, एवढं करताय माझ्यासाठी. मला कळतं सगळं."

ही वाक्यं पेटीतून बाहेर पडताना खोलीत कुणी नसायचं. अडीच महिने ती रिकाम्या खोलीशी बोलत होती आणि तरी रोज बोलत होती. दिवाकरराव दुकानात बसून रडले. नसीमने दाराचं अर्धं शटर ओढून घेतलं.

*

"नवे मोठे पंखे लावू," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आता पाच आहेत, आठ करू."

"थांब जरा." दिवाकररावांनी चष्मा पुसला आणि पेटीत वाकून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत कामाची नजर आली. "पंखे कमी नाहीत गं. हवेला वाट नाही. घरी चल. ही जिथे राहते तिथेच बघायला पाहिजे."

घरी त्यांनी नलिनीच्या पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. उशिराचं, चाचणीचं, केतकीच्या प्रश्नाचं, सगळं. पेटी अजून जोडलेली नव्हती. नलिनीताईंनी डोळे एकदा मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा कडेने पाणी वाहत होतं. दिवाकररावांनी ते पुसलं, पण या वेळी उठून गेले नाहीत.

मग त्यांनी पेटी होती तशी कपाटात ठेवली, चालू केली, दार हात जाईल एवढंच उघडं ठेवलं आणि एक उदबत्ती पेटवली.

"खाणीत धुराच्या नळीने बघायचो," ते नसीमला म्हणाले. "हवा दिसत नाही, धूर दिसतो."

त्यांनी उदबत्ती पेटीच्या मागे धरली. धूर मागच्या पंख्याने बाहेर फेकला, कपाटाच्या पाठीवर आपटला, वर चढला आणि डोक्यावरच्या दोन पंख्यांनी पुन्हा आत ओढला. उदबत्ती पुढे नेली. तिथे धूर नुसता लोंबत होता. पुढची जाळी धुळीने बुजलेली, आणि बंद दारामागे ताजी हवाच नव्हती.

"बघितलंस? तापलेली हवा बाहेर पडते आणि तीच वरून परत आत जाते. आम्ही याला हवेचं शॉर्टसर्किट म्हणायचो. हवा आळशी असते नसीम. जवळचा रस्ता मिळाला की लांब जात नाही. आमच्याकडे एक दार उघडं राहिलं तर सगळी हवा तिथूनच परत फिरायची आणि टोकाला काम करणारी माणसं गुदमरायची. पंखा मोठा करून उपयोग नसतो. कुठून आत यायचं, कुठून जायचं आणि मधे कुणाला भेटून जायचं, ते ठरवून द्यावं लागतं."

"मग वरचे दोन्ही काढू?"

"एक काढ, एक उलटा कर."

पेटी कपाटातून निघाली ती कायमचीच. दाराजवळच्या थंड कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी चौरंगावर तिला जागा मिळाली, भिंतीपासून हातभर पुढे. पुढच्या बाजूचे दोन पंखे हवा आत घेणारे होते, ते तसेच ठेवले, त्यांच्यापुढची धुळीची जाळी धुतली. वरचा पुढचा पंखा नसीमने काढला, कारण तो ऐन तोंडाशीच ढवळाढवळ करत होता. तो पुढच्या बाजूला खाली बसवला. वरचा मागचा पंखा उलटा केला. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या काड्या दिसतात तिकडे हवा फेकली जाते. एवढं पाहून घेतलं की चुकत नाही. मागचा पंखा आधीपासूनच बाहेर फेकणारा होता. आता पुढून खालून तीन आत, मागून वरून दोन बाहेर.

"आत जरा जास्तच येऊ दे," दिवाकरराव म्हणाले. "मग आतून बाहेर दाब राहतो. फटींमधून हवा बाहेरच निघते, धूळ आत शिरत नाही. जाळीतून जेवढी गाळून येईल तेवढीच."

वाटेत लोंबणाऱ्या तारा नसीमने मागे नेऊन बांधल्या. वर राहिलेलं एक भोक जाड पुठ्ठ्याने बंद केलं. पुन्हा उदबत्ती लावली. पुढे धरली तर धूर सरळ आत ओढला गेला, क्षणभर दिसेनासा झाला आणि मागून वरून बाहेर पडला. परत फिरला नाही.

दुपारचा दीड वाजला होता. एसी बंद, खोलीत अडतीस अंश. नसीमने आकडा वाचला. "शहाण्णव होता. त्र्याऐंशी. सत्त्याहत्तर... काका, एकाहत्तर. थांबला."

"आणि उशीर?"

"पाव सेकंद."

दिवाकरराव पलंगाशी गेले. "नलिनी," ते म्हणाले, "तुला ऐकू येतंय?"

"मला ऐकू नेहमीच येत होतं," नलिनीताई म्हणाल्या.

नसीम एकदम हसली आणि लगेच तिने ओढणीने डोळे टिपले.

"नसीम पठाण, दुसरा बाक, खिडकीकडून," नलिनीताई म्हणाल्या. "वर्तुळाचं प्रमेय अर्धंच लिहायचीस."

"हो बाई."

"आज पूर्ण केलंस. बैस. यांना सांग चहा ठेवायला."

*

केतकी शनिवारी आली, आईचे कपडे भरायला म्हणून रिकामी बॅग घेऊन. बाबांनी फोनवर फक्त "ये" एवढंच सांगितलं होतं. तिने दारातूनच सुरुवात केली, "बाबा, निवासगृहाच्या डॉक्टरांशी बोलले मी, ते म्हणतात पहिले आठ दिवस..."

"केतकी, चपला बाहेर काढ," आतून आवाज आला.

केतकी जागच्या जागी थबकली. बॅग तिच्या हातातून सुटली.

त्या दिवशी आई आणि मुलगी चार तास बोलल्या. केतकी पलंगाच्या कडेला डोकं ठेवून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी तुला बंद करायला निघाले होते. आई, मी तुला बंद करायला..."

"तू मला जवळ न्यायला निघाली होतीस," नलिनीताई म्हणाल्या. "तीन वेळा रजा काढलीस. बाप न्हाणीत पडला तेव्हा रात्रीत गाडी पकडून आलीस. मी बोलत होते ते तुला ऐकू आलं नाही, आणि तू रडत होतीस ते मला सगळं ऐकू येत होतं. तुझं माझ्याकडे काही देणं उरलेलं नाही."

मग त्यांनी स्वतःच ठरवलं. राहायचं चंद्रपूरलाच. पण उन्हाळ्याचे दोन महिने केतकीकडे, पेटीसकट. आणि बाबांना मदतीला रोज सकाळी एक बाई. दिवाकररावांना बाई नको होती. ते म्हणाले, "मला जमतं सगळं." नलिनीताई म्हणाल्या, "न्हाणीतही जमलं होतं." विषय तिथेच संपला.

डॉ. हस्तकांना नोंदी पाठवल्या. त्यांनी उलट पत्र न पाठवता दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढली आणि उन्हातून चंद्रपूर गाठलं. पलंगासमोर बसून पुन्हा तीस प्रश्न विचारले. तीसपैकी तीस. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"मी तुमच्यासारखे अकरा रुग्ण तपासले आहेत," ते म्हणाले. "मार्चनंतर. अकोला, वर्धा, यवतमाळ, बल्लारपूर. सगळे घरी, सगळे दुपारी. अकराही जणांना मी..."

"पत्ते द्या," नलिनीताई म्हणाल्या.

"मी कंपनीला आजच कळवतो. चाचणीच्या आधी उशीर मोजलाच पाहिजे, हेही लिहून पाठवतो."

"ते पाठवाच. पण त्याला वेळ लागेल. तोवर ही माणसं वाट बघत बसणार. अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नसीमला फोन लावा."

*

पहिलं घर बल्लारपूरचं होतं. गुलाबराव कुंभारे, शिंप्याचं काम करणारे, वय बासष्ट. त्यांची बायको पार्वती दारात उभी होती. दिवाकरराव आणि नसीम आत आले तेव्हा तिने फारशी आशा दाखवली नाही.

"बोलतात जी, पण उगीचच," ती म्हणाली. "मी जेवायचं विचारते, हे गावाचं नाव सांगतात. आता मी विचारणंच सोडलं. उगाच त्यांनाही त्रास, मलाही."

गुलाबराव खिडकीकडे तोंड करून पडले होते. पेटी एका पत्र्याच्या ट्रंकेमागे, भिंतीला चिकटवून. नसीमने उघडायला पेचकस काढला, पण मोबाइलवरून चंद्रपूरहून नलिनीताईंचा आवाज आला. त्या सगळं पाहत होत्या.

"आधी विचारा. पेटीला हात लावायच्या आधी एकदा नीट विचारा. त्यांना कळू दे की कुणीतरी ऐकायला आलंय."

दिवाकररावांनी पार्वतीबाईंना पलंगासमोर बसवलं. "तुम्ही विचारा. काहीही, फक्त त्यांनाच माहीत असेल असं. आणि विचारलं की गप्प बसायचं. कुणीच काही बोलायचं नाही."

पार्वतीबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याकडे बघून जरा लाजल्यासारखं म्हणाल्या, "अहो, आपलं लग्न लागताना कशामुळे अडलं होतं?"

खोली शांत झाली. बाहेरून गरम वारा दाराच्या गोणपाटावर आपटत होता. नलिनीताई हळू आवाजात सेकंद मोजत होत्या. वीस. तीस. चाळीस. पार्वतीबाईंचे ओठ हलायला लागले, नसीमने त्यांच्या हातावर हात ठेवला. पन्नास. साठ. गुलाबरावांची नजर बायकोच्या तोंडावर खिळली होती.

दिवाकररावांना वाटलं, हे घर निराळं असेल, इथे खरंच काही उरलं नसेल. नलिनीला धीर द्यावा म्हणून ते मोबाइलकडे वळले. "नलिनी, कदाचित यांचं..."

"गप्प बसा," नलिनीताईंनी त्यांना अर्ध्यावर तोडलं. "थांबा. तो बोलतोय. मला माहीत आहे, तो बोलतोय."

दिवाकरराव थांबले. कितीतरी महिन्यांत नलिनीने त्यांना असं तोडलं नव्हतं.

एकाहत्तर सेकंद झाले. ट्रंकेमागची पेटी खरखरली.

"बैल," गुलाबराव म्हणाले. "तुझ्या मामाचा बैल मांडवात शिरला आणि नवरीचा हार खाऊन गेला. पार्वता, तू त्या दिवशी इतकी हसलीस, की भटजींना मंत्र थांबवावे लागले."

पार्वतीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुढचं वाक्य त्यामागे रांगेत होतं, ते आपल्या गतीने येत होतं, आणि आता खोलीतलं कुणीच कुठे निघालं नव्हतं.